आडनाव राहू दे, आधी गाव टाका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र मोठं होणार हे आधीच सांगून टाकते, काटछाट करायची ती करा. बिंदू चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाईकाला बसायला एक स्टूल, एवढाच पसारा. आधी लोक यायचे ते लाईट बिल, पॅनकार्ड, पोरांच्या अॅडमिशनसाठी. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, गावोगावच्या जुन्या वह्या स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाईटवर यायला लागल्या आणि तेव्हापासून माझ्या स्टुलावर माणसं येऊन बसतात ती पणज्याला शोधायला. आरक्षण कुणाला मिळावं न मिळावं ह्यात मला पडायचं नाही, त्यावर तुमच्या पानात रोज लिहून येतंय. मी लिहितेय ते नुसतं शोधायचं कसं त्याबद्दल, कारण रोज तीच चूक बघून बघून आता राहवेना.

चूक अशी की माणूस खुर्चीत बसला की पहिलं काय करतो, तर जेवढे रकाने दिसतील तेवढे भरतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, सगळं. वाटतं की जास्त माहिती दिली की कॉम्प्युटर खुश होऊन नेमकं काढून देईल. तसं होत नाही हो. तुम्ही भरलेला प्रत्येक रकाना ही एक चाळणी, आणि पाच चाळण्यांतनं तुमचा पणजा खाली पडत नाही, कारण त्या वहीत त्याचं आडनावच नाही, जन्मतारीख तर त्याला स्वतःलाही माहीत नव्हती. मग स्क्रीनवर येतं काहीही सापडलं नाही, आणि माणूस उठून म्हणतो आमचं रेकॉर्डच नाही ताई, जळालं असणार. जळालेलं काही नसतं, बहुतेक वेळा ते तिथंच असतं, दोन रकाने मोकळे ठेवले की समोर येतं.

ह्याच्या मुळाशी काय आहे ते मला पण दोन वर्षांनी कळलं. ह्या ज्या मोठ्या मोठ्या परदेशी वंशावळीच्या साईट आहेत, फॅमिलीसर्च, अॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट, त्या उभ्या आहेत त्यांच्याकडच्या कागदांवर. तिकडं चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद, इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद, आणि दर दहा वर्षांची जनगणना, तिचे घराघराचे कागद जपून ठेवलेले. इंग्लंडची १९२१ ची जनगणना शंभर वर्षं कुलुपात ठेवून २०२२ च्या जानेवारीत खुली केली, अमेरिकेने १९५० ची ७२ वर्षांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये. आपल्याकडं पण इंग्रजांच्या काळापासून शिरगणती झालीय, पण आपल्याला मिळतात ते आकडे, अमुक गावात इतकी डोकी. ज्या तक्त्यात माणसाचं नाव होतं ते तक्ते जपलेच गेले नाहीत. त्यामुळं 'सेन्सस' वर टिक करून करवीर तालुका शोधत बसलेल्या माणसाला मी आता हाताला धरून उठवते.

म्हणून पहिला प्रश्न हा की ह्या कपाटात आहे काय. कपाटात मीठ ठेवलंय की चटणी ते न बघता हात घातला तर डोळे चोळत बसायची वेळ येते. फॅमिलीसर्च फुकट आहे, अमेरिकेतल्या युटाच्या चर्चची संस्था ती चालवते, १९३८ पासून ते लोक जगभर हिंडून जुन्या वह्यांचे फोटो काढतायत, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सुद्धा काढलेत. पण फोटो काढलेलं सगळंच नावानं शोधता येतं असं नाही. कुणीतरी ते वाचून, टाईप करून, यादी केलेली असेल तरच शोधाच्या चौकटीत नाव टाकून मिळतं, नाहीतर त्यांच्या कॅटलॉगमध्ये जाऊन ठिकाणाच्या नावानं ती फाईल काढायची आणि एकेक पान उलटत बसायचं. शोधून मिळालं नाही म्हणजे त्या साईटवर नाही, असं समजू नका. आता कॉम्प्युटर हाताचं अक्षर पण वाचायला लागलाय, २०२४ पासून तिथं तशी सोय आलीय, पण सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या जमिनीच्या कागदांपासून, मोडीपासून नाही.

आता आडनावाकडं येते. जुन्या कागदात माणूस असा लिहिलेला असतो: रामा बिन बाळा. बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर कोम, म्हणजे बायको, सखू कोम रामा. झालं, संपलं नाव. पाटील लिहिलं असेल तर ते कित्येकदा आडनाव नसून काम असतं, म्हणजे त्या गावचा पाटील. कुळकर्ण्याचं पण तेच, आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी आणले, त्याच्या आधीच्या कागदात कुलकर्णी दिसलं तर ते हुद्दा की आडनाव हे बघावं लागतं. आणि ज्यांनी हे कागद इंग्रजीत उतरवले त्यांना बिन काय ते कुठं माहीत, त्यांनी पहिलं नाव रामा, मधलं नाव बिन, आडनाव बाळा असं टाकून मोकळे. म्हणजे तुमच्या पणज्याचं 'आडनाव' त्या यादीत तुमच्या खापरपणज्याचं नाव आहे! पन्हाळ्याकडचे एक काका चार खेपा घालून गेले, प्रत्येक वेळी आडनावासकट, पाचव्या वेळी मी म्हटलं काका आडनाव पुसा आणि त्या जागी बापाचं नाव टाका. एवढ्यानं निघालं. चहा त्यांनीच पाजला.

स्पेलिंगचा तर पसाराच आहे. परदेशी साईटींच्या मागं साऊंडेक्स म्हणून एक जुनी युक्ती असते, १९१८ सालचं पेटंट आहे म्हणे, किंवा तसलीच दुसरी काहीतरी. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर काढून टाकायचे आणि व्यंजनांना एक ते सहा आकडे द्यायचे, तीन आकडे झाले की थांबायचं. मग आवाजानं जवळची नावं एकाच आकड्याखाली येतात. इंग्रजी नावांना हे बरं बसतं, आपल्या नावांचं काय होतं ते मी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कागदावर मांडून बघितलं. शिंदे आणि सिंदिया दोघांचा कोड एकच निघतो, एस ५३०, हे झकास. पण इंग्रजीत जाधवच्या शेवटी व्ही लिहिला तर जे ३१० आणि ओ लिहिला तर जे ३००, म्हणजे सख्खे भाऊ वेगळ्या घरात. भोसले बी २४० आणि मध्ये एन घालून भोन्सले लिहिलं की बी ५२४. आणि कुलकर्णी के नं लिहिला की सी नं, पहिलं अक्षरच बदललं, मग बाकी कितीही जुळू दे, एकमेकांना भेटणार नाहीत. इंग्रज साहेबांना क साठी सी लिहायची फार हौस. तेव्हा साईट 'मिळतीजुळती नावं पण दाखवतो' म्हणाली तरी तिच्या भरवशावर राहू नका, पहिलं अक्षर बदलून स्वतः परत शोधा.

स्टार आणि प्रश्नचिन्ह ह्या दोन खुणा शिकून घ्या, फॅमिलीसर्चवर आणि बऱ्याच ठिकाणी चालतात. प्रश्नचिन्ह म्हणजे तिथं कुठलंही एक अक्षर, स्टार म्हणजे कितीही अक्षरं किंवा एकही नाही. इंग्रजीत भोसले टाकताना बी-एच-ओ-स्टार-एस-स्टार-एल-स्टार असं टाकलं की मधला एन असू दे नाहीतर नसू दे, शेवटी ई असू दे नाहीतर ए, सगळे येतात. फक्त सुरुवातीची दोनतीन अक्षरं नीट द्या, नुसता स्टार टाकून शोधलं तर काही साईटी घेतच नाहीत आणि घेतलं तर अख्खी पंढरीची वारी तुमच्या स्क्रीनवर. 'एक्झॅक्ट' म्हणून जी टिक असते ती नावाला लावू नका, ठिकाणाला लावा. लोक नेमकं उलटं करतात.

आणि ठिकाण म्हटलं की मला कळकळीनं सांगायचंय ते हे, बाकी सगळं पत्र कापलंत तरी एवढं ठेवा. आपला जिल्हा आज नकाशात दिसतो तसा तेव्हा नव्हता. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आधी आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच, शेजारचं बेळगाव होतं, सातारा होता, आपण संस्थानी. ठिकाणात मुंबई इलाखा निवडून कोल्हापूर शोधलं तर कसं मिळेल? संस्थानात पण परत जहागिऱ्या, कागल वेगळं, विशाळगड वेगळं, बावडा वेगळं, इचलकरंजी वेगळी आणि आजरा इचलकरंजीकरांच्याकडं. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, तिथल्या माणसानं जुने कागद बेळगावच्या नावानं बघायचे. उलट रायबाग आपल्या संस्थानात होतं आणि आज कर्नाटकात. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, तिथले लोक किती पिढ्या फौजेत, पण 'सैनिक' हे मागनं लागलेलं, जुन्या यादीत नुसतं टाकळी शोधायला पाहिजे, आणि टाकळी नावाची गावं महाराष्ट्रात पायलीला पन्नास, म्हणून बरोबर शिरोळ. कोल्हापूरचं इंग्रजी स्पेलिंग म्हणाल तर १८५४ च्या इंग्रज अधिकाऱ्याच्या रिपोर्टात शेवटच्या 'पूर'मध्ये यू नाही, डबल ओ आहे. मधला एच काढून के-ओ-एल-ए-पी-ओ-आर-ई असं पण सापडतं. १८८६ चं इंग्रजी गॅझेटियर कोल्हापूरचं, चोविसावा खंड, इंटरनेटवर फुकट आहे, त्यात आपल्या गावाचं नाव त्या काळी कसं लिहायचे ते आधी बघा, एका चिठ्ठीवर उतरवा आणि मग शोधाला बसा. मी दुकानात भिंतीला अशी यादीच लावलीय.

माझ्या घरचं सांगते म्हणजे पटेल. आमचं मूळ गाव गडहिंग्लजकडचं. माझ्या आज्जीचा सासरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेला आणि आला नाही, घरात एवढंच माहीत. आज्जी म्हणायची कागद आला होता, कागद कुणी बघितलेला नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून संस्था आहे, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सतरा लाख लोकांची नावं त्यांच्या साईटवर, शोधायला एक पैसा पडत नाही. मी आठवडाभर आमचं आडनाव टाकत होते. वेगवेगळ्या स्पेलिंगनी. काही नाही. मग कळलं की तिथं आपल्या शिपायाचं एकच नाव असतं आणि ते आडनावाच्या रकान्यात असतं, बाप आणि गाव खाली जादा माहितीत, अमुकचा मुलगा, अमुक गाव, तालुका, कोल्हापूर. तेव्हा आडनाव सगळं काढलं, सविस्तर शोधात जादा माहितीचा जो रकाना आहे त्यात नुसतं गाव टाकलं, युद्ध पहिलं, फौज हिंदुस्थानी. माझ्या गावाचं स्पेलिंग तिसऱ्या प्रकारे टाकल्यावर सात नावं आली. सात! एवढ्याशा गावातनं. मी पोरगी असल्यापासून त्या गावाला जातेय, जत्रेला, लग्नाला, तिथं सात माणसं बसऱ्याकडं मेली हे मला गावात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सातांत आमच्या पणज्याच्या नावाचे दोघं. दोघांच्या बापाचं नाव पण एकच, आता बोला. आपल्यात आज्ज्याचं नाव नातवाला ठेवायचं, त्यामुळं रामा-बाळा, बाळा-रामा असा रहाट फिरत राहतो आणि चुलतभावांची नावं सारखीच निघतात. दोघंही मराठा पलटणीतले, पण एक ११० नंबरच्या, दुसरा ११४ च्या. ११० वी तिथल्याच कुत गावच्या वेढ्यात होती, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, वेढ्यात उपाशी आणि नंतर तुर्कांच्या कैदेत. मग तारखेवरनं आणि घरातल्या गोष्टीवरनं जुळवलं: आज्जीचा नवरा पाळण्यात होता तेव्हा बाप गेला, आणि त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९१५. ११४ वाल्याचा मृत्यू १९१८ मधला, तेव्हा पाळणा कसला, पोरगं तीन वर्षांचं. मग उरला तो ११० वाला. तरी मी अजून शंभर टक्के म्हणत नाही, गावच्या वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीला वारस लावल्याच्या नोंदीत, तारीख मिळाली तर म्हणेन.

पलटणीचे नंबर पण बघून घ्या, १९२२ मध्ये ते सगळे बदलले, ११० वी मराठा झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, त्यामुळं घरात सांगतात तो नंबर आणि यादीतला नंबर जुळत नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि ती यादी फक्त मेलेल्यांची आहे, पहिल्या युद्धाची ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढीच. आज्जा जिवंत परत आला आणि १९३० मध्ये गेला असेल तर तिथं कितीही शोधा, मिळणार नाही. हे मी रोज दोघांना सांगते. पंजाबवाल्यांचं मात्र नशीब थोर, लाहोरच्या म्युझियममध्ये पहिल्या युद्धाची गावनिहाय रजिस्टरं सापडली, तीन लाख वीस हजार शिपाई, परत आलेले सुद्धा, आणि २०२१ पासून ती ऑनलाईन यायला लागली, गावाचं नाव टाकलं की झालं. आपल्याकडं असं कुणी केलं तर मी फुकट टायपिंग करून देईन, लिहून घ्या.

बायकांना शोधणं सगळ्यात अवघड. माहेरचं नाव एक, सासरी आल्यावर दुसरं, आणि कागदात तिसरंच, कोम अमका. पणजीला तिच्या नावानं शोधू नका, पोराच्या किंवा नवऱ्याच्या नावानं शोधा आणि त्या नोंदीत ती दिसते का बघा. जन्म-मृत्यूची जुनी वही म्हणजे गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात मृत्यूच्या नोंदी असतात आणि तिथं बाई सापडायची शक्यता जास्त. आमच्या शेजारच्या वहिनींची पणजी 'मानमोडीच्या साथीत' गेली एवढंच त्यांना ठाऊक होतं. मानमोडी म्हणजे १९१८ चा फ्लू, आपल्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात कहर झाला. एवढ्यावर वर्ष नक्की झालं, मग तेवढीच पानं बघायची, शके १८४० चा भाद्रपद-आश्विन. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, फसलीत, म्हणजे महसुलाच्या जुन्या सालात, ५९०, हे पाठच करा. प्लेगच्या साली, मोठ्या पुराच्या साली, असं घरात जे जे बोललं जातं ते म्हाताऱ्यांना विचारून घ्या, जन्मतारखेपेक्षा ते कामाला येतं. आणि वर्षाच्या रकान्यात एकच साल टाकू नका, मागं पुढं पाच पाच ठेवा, म्हाताऱ्या माणसाचं वय शाळामास्तरनं लिहिलेलं असतं, आईनं नाही.

आता आपल्या सरकारी साईटी. सातबाऱ्याच्या साईटवर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, कशानंही शोधता येतं, पण तिथं दिसतो तो आजचा मालक. पणजा तिथं नाही. तरी सुरुवात तिथनंच करायची, कारण नावाच्या शेजारी फेरफाराचे नंबर असतात आणि खरी वंशावळ त्या फेरफारात आहे. माणूस मयत झाला की वारसाची नोंद होते, अमुक तारखेला मयत, वारस विधवा अमुक, मुलगे अमुक अमुक, मुलगी अमुक हिचं लग्न होऊन अमुक गावी, सगळं एका परिच्छेदात. दोन पिढ्या एका कागदावर, अॅन्सेस्ट्रीवर हजारो रुपये भरून पण एवढं मिळायचं नाही. एक फेरफार मागच्या फेरफाराकडं नेतो, तो त्याच्या मागच्या. मध्ये एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले तिथं दोरा तुटतो, तेव्हा जुना सर्व्हे नंबर कुठला ते भूमी अभिलेखातनं काढून घ्यावं लागतं, मग परत पुढं.

शब्द मात्र समजून घ्या. पुण्यात कंपनीत असलेला एक पोरगा लॅपटॉपवर घराण्याचं झाड काढून घेऊन आला, रंगीत, फोटो लावलेलं, बघत राहावं असं. त्यात तिसऱ्या पिढीला एक पूर्वज होता, नाव 'अपाक'. म्हटलं हा कोण बाबा? तर सातबाऱ्यावर होता म्हणे. अरे ते अ.पा.क., अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोरगं लहान म्हणून आई नाहीतर चुलता त्याच्या वतीनं. तसंच ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, कुणी परदेशी पाहुणा नाही. त्याला हसले पण दोष देत नाही, आपण पोरांना हे सांगितलंच नाही कधी.

देवनागरीत शोधताना पण स्पेलिंगची भानगड आहेच. चव्हाण, चव्हान, चौहान. गायकवाड, गाईकवाड. भोसले, भोंसले. कॉम्प्युटरला अनुस्वार म्हणजे वेगळं अक्षर, त्याला आवाज कळत नाही. म्हणून नावाचा मधला नक्की असलेला तुकडाच टाका, 'यकवाड' टाकलं तरी चालतंय जिथं अर्धवट नाव घेतात तिथं. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये कंट्रोल एफ दाबून काही होत नाही हे कृपा करून लक्षात घ्या, तो फोटो आहे, त्यात अक्षरं नाहीतच कॉम्प्युटरच्या लेखी. लोक दाबतात, शून्य येतं, आणि घरी जातात. पान उलटून डोळ्यानं बघायला लागतं. मोडी असेल तर वाचणारा माणूस गाठायला लागतो. आपल्या कोल्हापुरात राज्याचं पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानचे कागद तिथं आहेत, मुंबईला पळायची गरज नाही, पण तिथं जाताना पण गाव, पेटा (म्हणजे संस्थानातला तालुका) आणि साल घेऊन जा, आडनाव घेऊन गेलात तर तिथले लोक तरी काय करणार.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे आपलं जुनं डेटाबेसच म्हणा की. तिथं जाऊन बघा कसं शोधतात, गुरुजी पहिलं विचारतात गाव कुठलं, मग जात, मग आडनाव, आणि शेवटी आज्ज्याचं नाव. पाच मिनिटांत बाड उघडतं आणि पणज्याची सही नाहीतर अंगठा समोर. माझी तर सगळी विद्या तिथनंच आलीय, मी फक्त तोच क्रम कॉम्प्युटरवर लावते.

आपल्याकडचे ख्रिश्चन लोक पण येतात विचारायला, त्यांना वाटतं चर्चचं रेकॉर्ड म्हणजे लंडनला असणार. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याची चर्चची रजिस्टरं आहेत खरी आणि ती ऑनलाईन शोधता येतात, पण त्यात भरणा गोऱ्यांचा. कोल्हापूरचं मिशन १८५२ चं आणि अमेरिकन, पुढं प्रेस्बिटेरियन चर्चकडं गेलेलं, त्यांच्या कागदांचं घर अमेरिकेत फिलाडेल्फियाला. लंडनच्या कपाटात हात घालून कसं चालेल. आधी इथल्या चर्चची वही विचारा, मग बाकी.

दोन धोके सांगते आणि आवरते. एक, दुसऱ्यांनी बनवून टाकलेली झाडं. त्यात आपला पणजा दिसला की माणूस हरखतो आणि उचलून आपल्या झाडाला चिकटवतो, मग तिसरा त्याच्यावरनं उचलतो, आणि दहा ठिकाणी दिसलं म्हणून खरं असणार असं चौथ्याला वाटतं. खाली कागद लावलाय का ते बघा, नसेल तर ती ऐकीव गोष्ट. एका झाडात मी आई पोरापेक्षा चार वर्षांनी लहान बघितलीय. दुसरं, पैसे. एका परदेशी साईटवर मी चौदा दिवस फुकट म्हणून कार्ड नंबर दिला आणि पंधराव्या दिवशी पैसे कापले गेले, वर्षाचे. चूक माझीच, बारीक अक्षर वाचलं नाही. तुम्ही फुकटच्या साईटींवर आधी हात बसवा, आणि पैसे भरायचेच झाले तर आपल्या जिल्ह्याचं तिथं काय आहे ते कॅटलॉगमध्ये बघून मगच.

संपादक साहेब, तुमच्याकडं एकच मागणं. जिल्ह्यातल्या वह्या स्कॅन होतायत ही चांगली गोष्ट, पण नुसता फोटो टाकून अर्धंच काम होतं. प्रत्येक फाईलला गावाचं आजचं नाव, जुनं नाव, तेव्हाचा पेटा किंवा जहागीर, आणि सालापासून सालापर्यंत, एवढ्या चार गोष्टी टाईप करून लावल्या तर निम्मी माणसं माझ्या दुकानात यायचीच नाहीत, आणि मला त्याचं काही वाईट वाटणार नाही, लाईट बिलं आहेत भरायला. तुमच्या पेपरात रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक तालुका घेऊन गावांची जुनी-नवी नावं छापता आली तर बघा. गावोगावचे वाचक स्वतःहून दुरुस्त्या कळवतील, आपल्या गावाचं नाव चुकलेलं कोल्हापूरकराला सहन होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. सुरुवात गडहिंग्लजपासून केलीत तर त्या सात जणांतल्या उरलेल्या पाचांची घरं मला शोधायचीयत, त्यांच्यातल्या कुणाला तरी अजून माहीत नसेल.

आपली नम्र,
एक झेरॉक्सवाली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर